विश्लेषण : अमेरिकेत मतदान, आपल्याकडे अर्ज! खेळाडूचा गौरव ठरतो कसा?

शिवऱ्यावरून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग पुढे कराड, पेठ नाका करत कोल्हापूर गाठतो. या वाटेवरच्या तीन जिल्ह्यांनी देशाला तीन मोठी पदके दिली. त्यांच्या गौरवाच्या तारखा मात्र चक्रावून टाकतात.

राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसळेला पॅरिसमधील कांस्यपदकानंतर लगेच, २०२४ चाच अर्जुन पुरस्कार मिळाला. पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या या जवानाच्या हाती ‘अर्जुन’ पडला तो १७ जानेवारी २०२५ रोजी. त्याआधी २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती. आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव? हेलसिंकीचे कांस्य १९५२ चे, निधन १९८४ मध्ये, ‘अर्जुन’ २००० सालचा. मरणोत्तर!

आपल्याकडे निवड कशी होते?

अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. खेळाडूंची नावे अर्ज किंवा शिफारशीतून येतात, समिती ती तपासते आणि अंतिम निर्णय सरकार घेते. भर असतो मागील चार वर्षांच्या कामगिरीवर. म्हणजे जुने पदक नियमाच्या चौकटीबाहेर जाते. आणि अर्जाचे काय होते, हे २०२४ च्या अखेरीस दिसले. ऑलिंपिकमध्ये दोन पदके जिंकलेल्या मनू भाकरचे नाव खेलरत्नच्या संभाव्य यादीत नसल्याची चर्चा रंगली, तेव्हा अर्ज भरताना आपल्याकडूनच चूक झाली असावी, असे तिने म्हटले. पुढे पुरस्कार मिळाला. पण दोन पदके जिंकणाऱ्याने अर्ज नीट भरला का, हा प्रश्नच मुळात विचित्र नाही का?

बेसबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ काय करते?

तिथे खेळाडू अर्ज करत नाही. किमान दहा हंगाम खेळून निवृत्त झालेल्याचे नाव पाच वर्षांनी मतपत्रिकेवर येऊ शकते. मतदार असतात बेसबॉल लेखक संघटनेचे, किमान दहा वर्षे सदस्य राहिलेले पत्रकार. प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते. ७५ टक्के मते मिळाली की प्रवेश. पाच टक्क्यांपेक्षा कमी मिळाली की नाव बाद. मधल्यांना दहा वर्षांपर्यंत संधी.

ही दहा वर्षे महत्त्वाची. बिली वॅग्नरला २०१६ मध्ये जेमतेम १०.५ टक्के मते होती. दहाव्या, अखेरच्या प्रयत्नात २०२५ मध्ये ८२.५ टक्के मिळाली. दरम्यान त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. बदलले ते मतदारांचे मत.

पत्रकार म्हणजे निर्दोष न्यायाधीश नव्हेत, हेही खरे. जपानच्या इचिरो सुझुकीला त्याच वर्षी ३९४ पैकी ३९३ मते पडली. ते एक मत का अडले, कोण जाणे. उलट, होमरनचा विक्रमवीर बॅरी बॉण्ड्स उत्तेजकांच्या संशयामुळे २०२२ मध्ये ६६ टक्क्यांवर अडकला.

सुटलेल्या नावांचे काय?

दहा वर्षांत निवड न झालेल्यांसाठी तिथे १६ जणांची वेगळी समिती आहे. तिच्यापुढे नाव आले, तर १२ मते हवीत. आपल्याकडे पेटकरांना मिळालेला ‘अर्जुन’ही नेहमीच्या गटातला नव्हता, तो जीवनगौरव गटातला होता. सुवर्णपदकानंतर तोवर ५२ वर्षे उलटली होती.