ऑटोमॅटिक गिअरची मोटार : घरी काय पाहावे, कशाला हात लावू नये



ट्रॅक्टरचं ऑईल कधी बदलायचं हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. पण आता पुष्कळ घरांपुढे ट्रॅक्टरशेजारी ऑटोमॅटिक गिअरची मोटारही उभी दिसते. क्लचचे पेडल नाही, गिअर बदलायची कटकट नाही, म्हणून ती सर्वांना सोयीची वाटते. मात्र हा गिअरबॉक्स एकदा बिघडला की ऊसबिलाचा एखादा हप्ता त्यातच जातो. तेव्हा थोडी माहिती हवीच.

गाडीची जात ओळखा

आडसाली आणि खोडवा यांना खताचा डोस एक नसतो. तसेच इथेही आहे. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत मुख्य प्रकार असे :

१) एएमटी. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून ही पद्धत पसरली. आत साधाच गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट असते. क्लच दाबायचे व गिअर टाकायचे काम यंत्र करते. यात साधे गिअर ऑईल लागते.

२) टॉर्क कन्व्हर्टर. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्डस्मोबाईल गाडीसाठी पूर्ण ऑटोमॅटिक गिअर आणला, त्याच घराण्यातला हा प्रकार. तेलात समोरासमोर बसवलेले दोन पंखे असतात. इंजिन एक फिरवते, त्याने ढकललेल्या तेलाच्या जोराने दुसरा फिरतो. यात एटीएफ नावाचे तेल लागते.

३) सीव्हीटी. दोन पुल्या आणि त्यांवर पोलादी पट्टा. याचे तेल वेगळे. एटीएफ चालत नाही.

४) डीसीटी. दोन क्लचचा गिअरबॉक्स. यालाही कंपनीने ठरवलेलेच तेल घालावे.

ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं उरलेलं तेल "तेलच आहे की" म्हणून यात ओतू नये. एटीएफ हे नुसते वंगण नव्हे. तेच जोर पोचवते, तेच दाबाने आतले क्लच आवळते आणि तेच उष्णता वाहून नेते. तेल चुकले की क्लच घसरतात आणि जळतात.

तेल कसे तपासावे

पुष्कळ नव्या गाड्यांना गिअर ऑईलची पट्टी नसते. तेथे पातळी ठराविक तापमानाला, गाडी सपाट उचलून पाहावी लागते. ते काम गॅरेजवर सोडावे. पट्टी असेल तर गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा. इंजिन गरम हवे. काही कंपन्या ते चालू ठेवून पाहायला सांगतात, काही बंद करून. पुस्तिकेत असेल तसे करावे. पट्टी धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने पुसावी, कारण आतल्या बारीक वाटांत धागा अडकतो.

नवे एटीएफ बहुधा लाल असते. काळपट होऊन जळका वास आला तर क्लच झिजल्याची खूण समजावी. दुधाळ गुलाबी दिसले तर पाणी शिरले आहे. गाडी चालवू नये. तेल कमी असेल तर गळती शोधावी. भरमसाट ओतू नये. जादा तेलाला फेस येतो आणि दाब पडतो.

तेल बदलताना

खालचे बूच काढले तरी टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल आतच राहते. म्हणून निघालेले तेल मापून ठेवावे, तेवढेच नवे घालावे आणि मग पातळी तपासावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. भक्कम स्टँड हवेत. तेल भाजण्याइतके गरम असते. जुने तेल बांधावर वा पाटात सोडू नये.

"हे तेल आयुष्यभर चालतं" असं काही ठिकाणी सांगतात. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते. धूळ, ऊन, घाट आणि शेतरस्ता असा वापर असेल तर पुस्तिकेतील जड वापराची मुदत धरावी.

या गोष्टी टाळाव्यात

• बंद गाडी दोर लावून ट्रॅक्टरने ओढू नये. पुष्कळ ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, पंप बंद. चाके मात्र आतले भाग कोरडे फिरवतात. जोराची चाके उचलूनच गाडी न्यावी. चारही चाकांना जोर असेल तर ती पूर्ण उचलून न्यावी.

• चिखलात रुतलेली गाडी रेस करकरून काढू नये. तेल तापून जळते.

• चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी रोखू नये, ब्रेक वापरावा. एएमटीची क्लचप्लेट यानेच लवकर जाते.

• गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नये. उभी करताना ब्रेकवरचा पाय न काढता आधी हँडब्रेक, मग पी.

झटका बसणे, इंजिन ओरडते पण गाडी उचलत नाही, डी टाकल्यावर उशिरा हलते, यांपैकी काही दिसले तर सीझन संपायची वाट पाहू नये. आज तेलावर भागते, ते उद्या गिअरबॉक्स उतरवण्यावर जाते. गाडीची पुस्तिका कपाटात न ठेवता गाडीतच ठेवावी आणि मेकॅनिककडे तेलाचे नाव त्यातूनच वाचून सांगावे.