दाढेत सिमेंट भरल्यावर डॉक्टर निळी लाईट मारतात, त्या २० सेकंदांत नेमकं काय होतं?

दाढ किडली. डॉक्टरांनी कीड कोरून काढली, दाताच्याच रंगाचं मऊ मटेरियल खड्ड्यात भरलं आणि वर पेनासारख्या मशीनने निळी लाईट मारली. पिप असा आवाज आला, काम झालं.

काहींचं हे फिलिंग वर्षानुवर्षं टिकतं, काहींचं वर्षभरातच निघतं. दोष मटेरियलला दिला जातो, पण कधीकधी खरं कारण त्या लाईटमध्ये असतं.

लाईट कशासाठी?

या मटेरियलला कंपोझिट म्हणतात. चिकट रेझिन आणि त्यात काचेसारखे बारीक कण. अमेरिकेच्या राफेल बोवेन यांनी १९६२ साली ज्या रेझिनचं पेटंट घेतलं, ते आजही अनेक कंपोझिट्समध्ये वापरलं जातं.

बहुतेक कंपोझिट्समध्ये कॅम्फरक्विनोन नावाचा पिवळा पदार्थ असतो. साधारण ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडला की तो जागा होतो आणि रेझिनचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट जाळं तयार होतं. म्हणजे फिलिंग सुकत नाही, ते जोडलं जातं.

सेटिंगचं गणित

लाईटची ताकद गुणिले वेळ म्हणजे फिलिंगला मिळालेली ऊर्जा. एका चौरस सेंटिमीटरवर ४०० मिलिवॅट ताकदीची लाईट ४० सेकंद मारली, तर १६ जूल मिळतात. ८०० मिलिवॅटची लाईट २० सेकंदांत तेवढंच देते.

मग ताकद वाढवून ३ सेकंदांत उरकायचं का? तर हे गणित दरवेळी जुळत नाही. कंपोझिट घट्ट होताना आकसतं. खूप झटपट घट्ट झालं तर दाताच्या भिंतींवर ताण येतो आणि कडेला फट पडू शकते. शिवाय जास्त ताकदीच्या लाईटने दात तापतो, आतल्या नसेला त्रास होऊ शकतो. म्हणून काही मशीनमध्ये सुरुवात हळू आणि नंतर पूर्ण ताकद, असंही सेटिंग असतं.

खरी अडचण तळाला

प्रकाश खोल जाताना कमी होत जातो. म्हणून साधं कंपोझिट साधारण २ मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थराला वेगळी लाईट देतात. 'बल्क फिल' प्रकारात ४ मिलिमीटरपर्यंतचा थर चालतो. गडद शेडला जास्त वेळ लागतो.

लाईट दातापासून लांब धरली, तिरकी पकडली किंवा तिच्या टोकावर जुनं मटेरियल चिकटलेलं असलं, तरी ऊर्जा कमी पडते. अशा वेळी वरचा भाग कडक लागतो, पण तळाचा भाग कच्चाच राहतो. पेशंटला काहीच कळत नाही. पुढे ठणका लागतो, फिलिंग तुटतं किंवा त्याच्याखाली पुन्हा कीड लागते.

म्हणूनच अनेक दवाखान्यांत रेडिओमीटर नावाच्या छोट्या यंत्राने लाईटची ताकद अधूनमधून तपासली जाते.

पेशंटच्या हातात काय?

दोन गोष्टी. लाईट सुरू असताना तोंड पूर्ण उघडं ठेवायचं आणि डोकं हलवायचं नाही, कारण टोक जरा सरकलं तरी फरक पडतो. आणि त्या निळ्या उजेडाकडे बघायचं नाही, तो डोळ्यांच्या पडद्याला घातक ठरू शकतो. डॉक्टर नारिंगी चष्मा किंवा काच वापरतात ती त्यासाठीच.

आणि डॉक्टर थराथराने भरत वेळ घेत असतील, तर घाई करू नका. तो वेळ तुमच्याच दाढेसाठी असतो.