देवयानीजवळची निळी कमान

नोव्हेंबर महिन्यातील अंधारी रात्र. गावातील दिवे दूर राहिले आहेत आणि आकाश निरभ्र आहे. रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उंच पाहिले, तर देवयानी नावाचा तारकासमूह दिसतो. त्यात एक फिकट, धूसर ठिपका असतो. तो ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही. काचेवर कोणी हलकेच फुंकर मारावी आणि वाफेचा डाग उरावा, तसा तो दिसतो.

एक हजाराहून अधिक वर्षांपूर्वी हा ठिपका एका थोर खगोलशास्त्रज्ञाने पाहिला. त्यांचे नाव अब्दुर्रहमान अस-सूफी. ते आजच्या इराणात राहत असत. इ. स. ९६४ च्या सुमारास त्यांनी ताऱ्यांविषयी एक मोठा ग्रंथ अरबी भाषेत लिहिला. त्या ग्रंथात त्यांनी या ठिपक्याची ‘छोटा ढग’ अशी नोंद केली. या ठिपक्याची आज माहीत असलेली ही सर्वांत जुनी नोंद आहे.

अरबीत ढगाला ‘सहाब’ म्हणतात. त्यावरूनच उर्दूत ‘सहाबिया’ हा शब्द आला. मराठीत त्यालाच ‘तेजोमेघ’ म्हणतात. तेज म्हणजे प्रकाश आणि मेघ म्हणजे ढग. दोन्ही भाषांनी आकाशातील या वस्तूला ढगाचेच नाव दिले, हे किती छान आहे!

पण आकाशात ढगासारखी दिसणारी प्रत्येक वस्तू ढग नसते. अस-सूफींनी पाहिलेला ‘छोटा ढग’ म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एक प्रचंड दीर्घिका आहे. ती आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. एका वर्षात प्रकाश जेवढे अंतर कापतो, त्याला प्रकाशवर्ष म्हणतात. हा ‘ढग’ आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे १९२३ साली एडविन हबल या अमेरिकन शास्त्रज्ञाने केलेल्या निरीक्षणांतून सिद्ध झाले.

खरे तेजोमेघ मात्र वायूचे आणि धुळीचे असतात. मृग नक्षत्रातील तेजोमेघ हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यातील तरुण, तप्त तारे आसपासच्या वायूला तेज देतात आणि तो वायू स्वतःच चमकू लागतो. तेथे नवे तारे जन्म घेतात. काही तेजोमेघ याच्या उलट असतात. मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून ते बनतात.

हे तेजोमेघ आपल्या डोळ्यांना स्पष्ट का दिसत नाहीत? त्यांचा प्रकाश फार मंद असतो, आणि आपला डोळा प्रकाश साठवू शकत नाही. एखाद्या वस्तूकडे आपण तासभर टक लावून पाहिले, तरी ती अधिक उजळ दिसत नाही. छायाचित्राची काच मात्र प्रकाश साठवते. गळक्या नळाखाली घागर ठेवली, तर थेंबाथेंबाने ती भरते. तसेच मंद प्रकाशही हळूहळू जमा होऊन त्याचे चित्र तयार होते.

हेन्री ड्रेपर हे न्यूयॉर्कमधील एक डॉक्टर होते. त्यांना आकाशाचे वेड होते. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी आपल्या दुर्बिणीला छायाचित्राची काच जोडली आणि मृगातील तेजोमेघाकडे ती ५१ मिनिटे रोखून धरली. तेजोमेघाचे ते जगातील पहिले छायाचित्र ठरले. तीन वर्षांनी, १८८३ साली, इंग्लंडमधील अँड्र्यू कॉमन या अभियंत्याने त्याच तेजोमेघाचे आणखी चांगले छायाचित्र घेतले. दुर्बिणीतून डोळ्याला न दिसलेले तारेही त्यात उमटले होते. ड्रेपर आणि कॉमन हे दोघेही हौशी खगोलनिरीक्षक होते. आकाश पाहणे हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता.

तेजोमेघाचा प्रकाश कसा असतो, हेही एका हौशी माणसानेच शोधले. विल्यम हगिन्स यांचा लंडनमध्ये कापडाचा वडिलोपार्जित व्यवसाय होता. तो विकून त्यांनी वेधशाळा बांधली. २९ ऑगस्ट १८६४ रोजी त्यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. सूर्याचा प्रकाश लोलकातून गेला, की इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसतो. त्याला वर्णपट म्हणतात. हगिन्स यांना तसाच पट्टा दिसेल असे वाटले होते. पण त्यांना दिसली फक्त एक चमकदार हिरवट रेषा! नीट पाहिल्यावर आणखी दोन फिकट रेषा दिसल्या. बाकी सगळा अंधार होता. तेजोमेघ वायूचा आहे, हे त्यावरून कळले. कारण विरळ तप्त वायू सर्व रंगांचा प्रकाश देत नाही. तो ठरावीक रंगांचाच प्रकाश देतो.

ती हिरवट रेषा कोणत्या पदार्थाची, हे कोडे पुढे साठ वर्षे सुटले नाही. पृथ्वीवरील कोणत्याच पदार्थाशी ती जुळत नव्हती. म्हणून शास्त्रज्ञांनी ‘नेब्युलियम’ नावाचे एक नवेच मूलद्रव्य कल्पिले. अखेर १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिले, की ही रेषा आपल्या ओळखीच्या ऑक्सिजनचीच आहे. ज्याचे दोन इलेक्ट्रॉन निघून गेले आहेत, असा ऑक्सिजन अतिशय विरळ स्थितीत असला, तरच असा प्रकाश देतो. आपल्या हवेत तो तसा चमकत नाही.

प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवरून ठरतो. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. आपल्या डोळ्यांना साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. तेजोमेघातील हायड्रोजनचा तांबडा प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरवर असतो. ऑक्सिजनचा हिरवट निळा प्रकाश ५००.७ नॅनोमीटरवर, तर गंधकाचा गडद तांबडा प्रकाश ६७२ नॅनोमीटरच्या आसपास असतो.

आता शहरातील आकाश आठवा. रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या आणि मोटारींचे झोत यांमुळे रात्रीही आकाश उजळलेले असते. अशा आकाशाचे साधे छायाचित्र घेतले, तर या उजेडात तेजोमेघ बुडून जातो. मग काय करावे?

येथे उपयोगी पडते ती अरुंद पट्ट्याची गाळणी. तिला फिल्टर असेही म्हणतात. ही एक लहानशी काच असते. तिच्यावर वेगवेगळ्या पदार्थांचे अत्यंत पातळ थर एकावर एक चढवलेले असतात. त्यामुळे एका ठरावीक तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश तेवढा आत जातो आणि बाकीचा परत फिरतो. काही गाळण्या फक्त ३ नॅनोमीटर रुंदीचा पट्टा आत सोडतात. म्हणजे दिसणाऱ्या ३०० नॅनोमीटरच्या पट्ट्यापैकी केवळ शंभरावा भाग!

हे काम रेडिओसारखे आहे. हवेत एकाच वेळी अनेक केंद्रांच्या लहरी असतात. आपण रेडिओची सुई फिरवून एकाच केंद्रावर आणतो. मग तेथील गाणे स्पष्ट ऐकू येते. गाळणीसुद्धा हायड्रोजनचे किंवा ऑक्सिजनचे ‘केंद्र’ लावते. पिवळ्या सोडियम दिव्यांचा बराचसा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो. तो गाळणीबाहेरच अडतो. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो. त्यातील थोडासाच आत शिरतो. तेजोमेघाचा प्रकाश मात्र त्या अरुंद पट्ट्यातच एकवटलेला असल्यामुळे जवळजवळ पूर्ण आत येतो. म्हणून आज शहरातील गच्चीवरूनही तेजोमेघाचे छायाचित्र घेता येते.

हौशी छायाचित्रकार हे काम कसे करतो ते पाहू. पृथ्वी फिरते, म्हणून तारे तासाला १५ अंश सरकताना दिसतात. त्यांच्या मागोमाग दुर्बीण सरकली नाही, तर चित्रात ठिपक्यांऐवजी रेघा उमटतील. म्हणून दुर्बीण अशा यंत्रावर बसवतात, की ज्याचा आस ध्रुवताऱ्याजवळच्या आकाशबिंदूकडे रोखलेला असतो. हे यंत्र पृथ्वीच्या गतीइतक्याच गतीने दुर्बिणीला उलट्या दिशेने फिरवते. कॅमेरा कृष्णधवल असतो आणि तो थंड ठेवतात. कॅमेरा गरम झाला, की चित्रात खोटे ठिपके वाढतात.

गाळणीमुळे आत येणारा प्रकाश थोडा असतो. त्यामुळे एकेक छायाचित्र घ्यायला पाच-दहा मिनिटे लागतात. अशी अनेक छायाचित्रे काढून ती संगणकावर एकमेकांवर बसवतात. तेजोमेघाचा खरा प्रकाश प्रत्येक छायाचित्रात त्याच जागी असतो. खोटे ठिपके मात्र दर वेळी कमीजास्त होतात. शंभर छायाचित्रांची सरासरी काढली, की हा गोंधळ सुमारे दहापट कमी होतो आणि खरे चित्र वर येते. यासाठी कधी एक रात्र पुरते, तर कधी महिने लागतात.

अशी छायाचित्रे पाहिल्यावर तुम्ही विचाराल, “हे रंग खरे आहेत का?” प्रश्न योग्य आहे. कॅमेरा कृष्णधवल असतो. हायड्रोजन, ऑक्सिजन आणि गंधक यांची तीन वेगळी चित्रे घेऊन नंतर प्रत्येकाला एकेक रंग देतात. १९९५ साली हबल अवकाश दुर्बिणीने गरुड तेजोमेघातील वायूच्या उंच खांबांचे चित्र घेतले. त्यात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. वास्तविक गंधक व हायड्रोजन या दोघांचाही प्रकाश तांबडाच असतो. दोघांना तांबडाच रंग दिला असता, तर कोणता वायू कोठे आहे हे कळले नसते. नकाशात डोंगर तपकिरी आणि मैदाने हिरवी दाखवतात. म्हणून नकाशा खोटा ठरत नाही. मात्र कोणता रंग कशासाठी वापरला, हे सांगितले पाहिजे. चांगला छायाचित्रकार ते नेहमी सांगतो.

आता पुन्हा देवयानीकडे वळू. अस-सूफींच्या त्या ‘छोट्या ढगाची’ आजवर असंख्य छायाचित्रे निघाली. जगातील मोठमोठ्या दुर्बिणींनी तो पाहिला. आता तेथे नवे काय सापडणार, असे कोणालाही वाटले असते.

फ्रान्सचे यान सेंटी आणि झेव्हिए स्ट्रॉटनर व जर्मनीचे मार्सेल ड्रेक्सलर या तीन हौशी निरीक्षकांना मात्र तसे वाटले नाही. २०२२ साली सेंटी यांनी देवयानी दीर्घिकेची छायाचित्रे ऑक्सिजनची गाळणी लावून घेतली. त्यांच्या दुर्बिणीचे भिंग जेमतेम साडेदहा सेंटिमीटर रुंदीचे होते. वीसेक रात्रींत, वेगवेगळ्या गाळण्या लावून, त्यांनी शंभराहून अधिक तासांची छायाचित्रे जमवली. ती एकत्र केल्यावर दीर्घिकेच्या शेजारी एक अतिशय फिकट कमान दिसू लागली.

अशा वेळी माणसाचा आनंद गगनात मावत नाही. पण शास्त्रात आनंदाआधी शंका येते, आणि यावीच लागते. हा भिंगातील उजेडाचा कवडसा तर नसेल? छायाचित्रे जोडताना झालेली चूक तर नसेल? घाईने शोध जाहीर केला आणि तो खोटा ठरला, तर हसे झाले असते. आणि चूक समजून ती रेघ पुसून टाकली असती, तर शोध कायमचा हातचा गेला असता. त्यांनी दोन्ही केले नाही. वेगळ्या दुर्बिणींनी, वेगळ्या कॅमेऱ्यांनी तीच जागा पुन्हा पाहण्यात आली. कमान तेथेच होती!

व्यावसायिक शास्त्रज्ञांच्या साथीने जानेवारी २०२३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. ही कमान आकाशात सुमारे दीड अंश लांब आहे. म्हणजे पौर्णिमेचे तीन चंद्र ओळीने ठेवले तर जेवढी जागा व्यापतील, तेवढी! छायाचित्रात तिला निळा रंग दिला आहे.

एवढी मोठी वस्तू आधी कोणालाच का दिसली नाही? कारण ती जवळजवळ फक्त ऑक्सिजनच्या प्रकाशातच चमकते. हायड्रोजनच्या गाळणीतून ती आढळली नाही. मोठ्या दुर्बिणींचा वेळ मौल्यवान असतो. त्या आकाशाच्या एकाच भागाकडे एका गाळणीतून इतके तास पाहत बसत नाहीत. ती कमान आपल्या आकाशगंगेत आहे की दूर देवयानीजवळ, असा प्रश्नही उभा राहिला. नंतरच्या अभ्यासांत ती आपल्याच आकाशगंगेत असल्याचे पुरावे पुढे आले.

अस-सूफींजवळ दुर्बीण नव्हती. त्यांनी केवळ डोळ्यांनी पाहिले आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. सेंटी आणि त्यांच्या मित्रांनी त्याच ढगाशेजारी, हजारांहून अधिक वर्षांनी, लहानशा दुर्बिणीने एक खराखुरा ढग शोधला. त्यांनीही तेच केले. धीराने पाहिले, शंका घेतली, पुन्हा पाहिले आणि मगच लिहिले.

येत्या हिवाळ्यात अंधारी जागा मिळाली, तर घरातील मोठ्या माणसांना बरोबर घेऊन देवयानीतील तो धूसर ठिपका जरूर शोधा. त्याच्या शेजारची निळी कमान तुमच्या डोळ्यांना दिसणार नाही. पण ती तेथे आहे, हे आता तुम्हांला माहीत आहे.