सुटा भाग, सबंध गुन्हा : घरगुती लेथ आणि शस्त्र कायदा

शस्त्र कायदा, १९५९ याच्या कलम २ मध्ये ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेची व्याख्या करताना कायदेकर्त्यांनी केवळ गोळी झाडणाऱ्या बंदुकीचा किंवा पिस्तुलाचा विचार केलेला नाही. स्फोटकाच्या अथवा अन्य कोणत्याही ऊर्जेच्या जोरावर गोळी फेकण्यासाठी जे साधन घडवलेले किंवा त्या कामी जुळवून घेतलेले असेल त्याच्याबरोबरच, त्याचा आवाज वा ज्वाळा दडपणारी उपकरणे, त्याचे सुटे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्री या साऱ्यांचा त्यांनी त्याच एका संज्ञेत समावेश केला आहे. त्यामुळे नळी, घोडा, खटका किंवा मॅगझिन यांपैकी एखादीच वस्तू कोणी घडवली आणि तिच्यातून कधी एकही गोळी सुटणार नसली, तरी कायद्याच्या लेखी त्याने अग्निशस्त्रच तयार केलेले असते. घरामागच्या शेडमध्ये लेथ चालवणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद हीच आहे आणि त्याच्यापर्यंत सर्वांत कमी पोहोचलेली तरतूदही हीच आहे.

वर्धा जिल्ह्यात अशा शेडची वाण नाही. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगने हिंगणघाट, पुलगाव, आर्वी आणि खुद्द वर्धा या गावांना फार पूर्वीपासून यंत्रदुरुस्तीची सवय लावली. पुढे मोटारपंप, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रे आली, देवळी आणि वर्धा येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि आयटीआयमधून टर्नर किंवा फिटरचा ट्रेड करून बाहेर पडलेल्या मुलांनी कर्ज काढून घेतलेला जुना लेथ, एक ड्रिल मशीन, ग्राइंडर आणि वेल्डिंगचा संच एवढ्या भांडवलावर जॉबवर्क सुरू केले. या यंत्रांपैकी एकही बाळगण्यास शस्त्र कायद्याखाली परवाना लागत नाही, कारण पंपाचा शाफ्ट, बुश आणि बैलगाडीचा आस ज्या लेथवर उतरतो तो लेथ सर्वसाधारण उपयोगाचा असतो. मात्र पिस्तुलाचा विशिष्ट भाग काढण्यासाठीच बनवलेला जिग किंवा डाय त्याच शेडमध्ये सापडला, तर तो ‘यंत्रसामग्री’ या शब्दाखाली येऊ शकतो आणि शेजारचा निरुपद्रवी लेथही मुद्देमाल म्हणून जप्त होण्याची शक्यता निर्माण होते.

प्रत्यक्ष बंदी कलम ५ मध्ये आहे. परवान्याशिवाय अग्निशस्त्र तयार करणे, मिळवणे, विकणे, हस्तांतरित करणे, त्यात बदल करणे, ते दुरुस्त करणे आणि त्याची चाचणी घेणे या सर्व क्रिया त्या कलमाने एकाच दोरीत बांधल्या आहेत. या यादीतील ‘दुरुस्त करणे’ या क्रियेकडे वर्ध्यासारख्या जिल्ह्यात अधिक लक्ष द्यावे लागते, कारण लहान कारागिराकडे शस्त्राचे काम आलेच, तर ते नव्या पिस्तुलाच्या मागणीतून नव्हे, तर जुन्या भरमार बंदुकीच्या तुटलेल्या भागाच्या रूपाने येण्याचा संभव जास्त असतो. भरमार म्हणजे जिच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरावे लागतात अशी बंदूक. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या लगतच्या सेलू, कारंजा या भागांत रानडुकरे आणि रोही उभ्या तुरीची, हरभऱ्याची आणि कपाशीची नासाडी करतात, तेव्हा शेतकऱ्याला राखणीसाठी बंदूक हवीशी वाटणे स्वाभाविक आहे आणि कायद्यानेही ही गरज नाकारलेली नाही. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे आणि तेवढ्याने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवानाही देता येतो. परंतु शेतकऱ्याचा परवाना हा बाळगण्याचा आणि वापरण्याचा परवाना असतो. तो दुरुस्ती करणाऱ्याला लागू होत नाही. परवानाधारक शेतकऱ्याने अगदी सचोटीने आणलेल्या बंदुकीचा घोडा ज्या टर्नरने नव्याने घासून दिला, त्या टर्नरकडे दुरुस्तीचा परवाना नसेल तर त्याने कलम ५ चा भंग केलेला असतो. बंदूक आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर प्रश्न आणखी बिकट होतो, कारण कलम २१ नुसार ताबा कायदेशीर राहिला नाही की ते शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि ते माळ्यावर पडून राहिले तर घरातील वारसदारही कायद्याच्या कचाट्यात सापडतात.

कलम ५ च्या भंगाची शिक्षा २०१९ पर्यंत किमान तीन आणि कमाल सात वर्षे होती. त्या वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने, जो १४ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला, कलम २५(१) खालील किमान शिक्षा सात वर्षांवर आणि कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. या एका बदलाबरोबर खटल्याचे सारे स्वरूप पालटले. पूर्वी जो खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालू शकत होता, तो आता सत्र न्यायालयात जातो. गुन्हा पूर्वीप्रमाणेच दखलपात्र आणि अजामीनपात्र असतो. दोषारोपपत्र दाखल करण्यासाठी तपास यंत्रणेला साठऐवजी नव्वद दिवस मिळतात. आणि सात किंवा अधिक वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैज्ञानिक पथकाने जाण्याची जी अपेक्षा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ठेवली आहे, तिच्याही कक्षेत हा गुन्हा येतो. गुन्हा सिद्ध झाल्यावर किमान शिक्षेच्या खाली उतरण्याची मोकळीक या पोटकलमात न्यायाधीशाला ठेवलेली नाही. तुलनेसाठी, विनापरवाना साधे अग्निशस्त्र नुसते बाळगल्याची शिक्षा याच दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे आहे. म्हणजे बंदूक बाळगणाऱ्यापेक्षा तिचा एक भाग करून देणाऱ्याचा अपराध कायद्याने कितीतरी गंभीर मानला आहे.

घरातच वर्कशॉप असेल तर धोका एका माणसापुरता मर्यादित राहत नाही. एखादे ठिकाण अनेकांच्या संयुक्त ताब्यात असेल आणि तिथे बेकायदा शस्त्र सापडले, तर ज्यांना त्याची माहिती होती असे मानण्यास कारण आहे अशा प्रत्येकाला, उलट सिद्ध होईपर्यंत, कलम ३५ स्वतंत्रपणे जबाबदार धरते. शेडची चावी भावाकडे असते, हिशेबाची वही मुलाच्या हाती असते, वीजजोडणी वडिलांच्या नावावर असते. चौकशीत या साध्या गोष्टींना पुराव्याचे वजन येते. स्थानिक गुन्हे शाखेचे पथक दोन पंचांसह आत आले की बाकावरचा प्रत्येक तुकडा मोजला जातो, त्याचे वर्णन पंचनाम्यात उतरते, कापडी वा कागदी वेष्टनावर लाखेचे सील आणि पंचांच्या सह्यांचे लेबल लागते, आता या साऱ्या कारवाईचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही सक्तीचे आहे, आणि मग ते पाकीट तज्ज्ञाच्या अभिप्रायासाठी प्रयोगशाळेकडे रवाना होते. तो अहवाल येईपर्यंत लेथ सुपुर्दनाम्यावर परत मिळाला तर मिळतो. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

बचावाला जागा नाही असे मात्र नव्हे. व्याख्येतील ‘त्या कामासाठी घडवलेले किंवा जुळवून घेतलेले’ हा भाग महत्त्वाचा आहे; साधा स्क्रू, स्प्रिंग किंवा पोलादी नळीचा तुकडा केवळ बंदुकीत बसू शकतो म्हणून बंदुकीचा भाग ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निर्णयात ताब्यामागे जाणीव असणे आवश्यक असल्याचे स्पष्ट केले, आणि १९९४ च्या संजय दत्त प्रकरणातील घटनापीठानेही टाडा कायद्याच्या संदर्भात जाणीवपूर्वक ताब्याचे हेच तत्त्व मानले. कलम ४५ मध्ये किरकोळ सुट्या भागांना सूट आहे, परंतु ती नीट वाचली पाहिजे. जे किरकोळ भाग पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नाही असे भाग मिळवणे, बाळगणे आणि वाहून नेणे एवढ्यालाच ती लागू होते. त्या यादीत ‘तयार करणे’ नाही. ‘छोटासाच तर भाग होता’ हा युक्तिवाद भंगारवाल्याच्या तोंडी कदाचित टिकेल, टर्नरच्या तोंडी टिकणे कठीण आहे.

भंगाराचा उल्लेख वर्ध्याच्या संदर्भात ओघाने आलेला नाही. पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडार हे लष्कराचे अतिशय मोठे भांडार आहे. तिथे ३१ मे २०१६ च्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले, आणि २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजीजवळ निकामी करायचा जुना दारूगोळा उतरवताना झालेल्या स्फोटात मजुरांचेही बळी गेले. या परिसरात दारूगोळ्याच्या धातूचे मोल आणि भय दोन्ही लोकांना ठाऊक आहेत. कायद्यातील ‘दारूगोळा’ या संज्ञेतही फ्यूज आणि सुटे भाग येतात, म्हणून अशा वस्तूचा तुकडा गिऱ्हाईकाने लेथवर कापायला आणला, तर जिवाच्या धोक्याइतकाच कायद्याचाही धोका समोर उभा असतो.

कायदा एवढा कठोर का, याचे उत्तर महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर मिळते. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांसाठी पोलिसांच्या नोंदींत वर्षानुवर्षे येत राहिले आहे. पुणे पोलिसांनी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथवर जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. तिथल्या शिकलगार कारागिरांचे पिढीजात कौशल्य एकेकाळी राजेरजवाड्यांच्या शस्त्रागारांत मान्यता पावलेले होते. परवाना नसलेल्या हातांत तेच कौशल्य गुन्हा ठरले, आणि पर्यायी रोजगाराची वाट मात्र पुरेशी रुंद कोणी केली नाही. सुट्या भागांचा मुद्दा ऑगस्ट २०१८ च्या नालासोपारा शस्त्रसाठा प्रकरणात ठळकपणे पुढे आला. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने त्या तपासात पुण्यातून जप्त केल्याचे जाहीर केलेल्या मालात गावठी पिस्तुलांबरोबर नळ्या, मॅगझिन आणि अर्धवट तयार झालेल्या पिस्तुलांचे भाग होते. अशा अर्धवट भागांना कायद्याने शस्त्र मानले नसते, तर जुळणीच्या आदल्या दिवशी टाकलेला छापा निष्फळ ठरला असता.

अमेरिकेत हीच पळवाट प्रत्यक्षात वापरली गेली. जवळजवळ पूर्ण झालेला सांगाडा ‘अजून बंदूक नाही’ म्हणून विनातपासणी विकला जाई आणि घरी थोडे काम करून बिनक्रमांकाची बंदूक तयार होई. अशा संचांना बंदुकीचे नियम लावणारी २०२२ ची नियमावली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. तरीही स्वतःच्या वापरासाठी बंदूक घडवण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्यात सरसकट बंदी नाही. जपानचा कायदा अत्यंत कडक असूनही जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या घरी बनवलेल्या बंदुकीनेच झाली. भारताने १९५९ च्या कायद्यातही सुट्या भागांना व्याख्येत ठेवले, ही दूरदृष्टी मान्य केली पाहिजे.

या कायद्याची पूर्वपीठिका मात्र अविश्वासाची आहे. लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या कायद्याने भारतीयांना निःशस्त्र ठेवले आणि युरोपियनांना सवलती दिल्या, म्हणून तो राष्ट्रीय अपमानाचे प्रतीक बनला. पुढे ज्यांच्यामुळे सेवाग्राम जगाला ठाऊक झाले, त्या गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत, आत्मसंरक्षणार्थ शस्त्रपरवाने लोकनियंत्रणाखाली द्यावेत, अशीही एक मागणी होती. अहिंसेच्या उपासकाने ही मागणी केली, कारण प्रश्न शस्त्रप्रेमाचा नव्हता, नागरिकावरील विश्वासाचा होता.

आजच्या कायद्याची उणीवही तिथेच आहे. टोळ्यांना पिस्तुले पुरवणारा कारखानदार आणि शेजाऱ्याच्या परवान्याच्या भरमारीचा घोडा घासून देणारा टर्नर यांच्यात कलम २५(१) कोणताही फरक करत नाही, आणि किमान सात वर्षांच्या खाली उतरून न्यायाधीशालाही तो करता येत नाही. परवानाधारक शस्त्राच्या किरकोळ दुरुस्तीसाठी वेगळी, सौम्य पायरी करण्यास संसदेला काहीच अडचण नाही आणि ती केल्याने उमर्टीच्या भट्टीवरील पकड तसूभरही सैल होणार नाही. ती होईपर्यंत, आयटीआयच्या टर्नर आणि फिटर ट्रेडमध्ये जिथे मायक्रोमीटर आणि सुरक्षाचष्मा शिकवला जातो, तिथेच शस्त्र कायद्याच्या व्याख्येचा एक तास ठेवला पाहिजे. आणि कोणत्या यंत्राचा भाग आहे हे न सांगणाऱ्या गिऱ्हाईकाचे काम कारागिराने परत करावे, घेतलेल्या प्रत्येक जॉबचे नाव, नमुना आणि तारीख वहीत लिहून ठेवावी, आणि बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडेच पाठवावी.