पत्रिका उघडताना

पहाटे पाच

आमच्याकडे नळाला पाणी पाचला येतं. बादल्या, पिंप भरून होईतो लॅपटॉप सुरू होतो आणि साडेपाचला मी टेबलाशी बसते. सातपर्यंतचा वेळ माझा. मग डबे, मुलाची शाळा आणि साडेनवाला प्रेस.

मी कोल्हापुरातल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये डीटीपी करते. लग्नपत्रिका, पावतीबुकं, वास्तुशांतीची कार्डं, निवडणूक लागली की हँडबिलं. पावसाळ्यापासून वेबसाइट बांधायला शिकते आहे. एचटीएमएल आणि सीएसएस बऱ्यापैकी हाताखाली आलं, जावास्क्रिप्ट हळूहळू येतंय. शिकता शिकता प्रेसचंच काम घेतलं आहे, पत्रिकांचे नमुने फोनवर दाखवणारं एक पान. ओळीनं मांडलेल्या छोट्या चित्रांपैकी एकावर बोट ठेवलं की ती पत्रिका मोठी होऊन समोर यावी, आणि बंद केली की आपल्या जागी परत जावी.

या उघडण्याला अर्धा सेकंदही लागणार नाही, पण माझी सगळी पहाट त्याच्यावर जाते आणि ते मला योग्य वाटतं. प्रेसच्या काउंटरवर बसणारे अण्णा अल्बममधून कार्ड काढून गिऱ्हाइकाच्या हातात देतात, तेव्हा ते कुठल्या पानातून निघालं हे समोरच्यानं पाहिलेलं असतं. म्हणून तो लगेच म्हणतो, "ह्याच्या शेजारचं दाखवा की." फोनवर चित्र फटकन मोठं झालं तर ते कुठून आलं याचा पत्ता राहत नाही, आणि बंद केल्यावर माणूस पुन्हा वरपासून शोधत बसतो. पडद्यावरच्या हालचालीनं एवढंच करावं, वस्तू कुठून आली आणि कुठं गेली ते सांगावं. हे न सांगणारी हालचाल मी पानावर ठेवत नाही.

सकाळी सहा

एकाच पत्रिकेच्या उघडण्याच्या दोन तऱ्हा मुद्दाम शेजारी शेजारी लिहिल्या. पहिलीत चित्राचे लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट हे आकडे बदलत नेले. दुसरीत ट्रान्सफॉर्म वापरून चित्र सरकवलं आणि मोठं केलं. लॅपटॉपवर दोन्हींत काही फरक दिसत नाही. पण आमचं गिऱ्हाईक येतं ते राधानगरी, गारगोटीकडून, हातात चार-पाच वर्षं वापरलेला फोन घेऊन. म्हणून क्रोममधलं परफॉर्मन्सचं पॅनेल उघडलं, प्रोसेसर सहापट मंद करण्याचा पर्याय निवडला आणि दोन्हींचं रेकॉर्डिंग घेतलं.

शिकणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा स्वतः बघावं. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक फ्रेमखाली जांभळी पट्टी येते आणि तिच्या पाठोपाठ हिरवी. जांभळी पट्टी दिसते तेवढा वेळ ब्राउझर मांडणी नव्यानं मोजत असतो, कुठला चौकोन कुठं बसतो, त्याच्यामुळे बाकीचे सरकतात का ते. हिरव्या पट्टीत तो पुन्हा रंगवत असतो. साधा फोन सेकंदाला 60 वेळा पडदा ताजा करतो, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला 16.7 मिलिसेकंद येतात. 120 हर्ट्झचा फोन असेल तर 8.3. मोजणं आणि रंगवणं तेवढ्यात उरकलं नाही की फ्रेम हुकते आणि डोळ्याला हिसका बसतो.

दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ती जागा जवळपास मोकळी. ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी मांडणीला हात लावत नाहीत. पत्रिकेचं चित्र एकदा रंगवून वेगळ्या थरावर ठेवलेलं असतं आणि तो थर सरकवायचं काम ग्राफिक्स चिप करते. हालचाल सीएसएसनं लिहिली असेल तर जावास्क्रिप्ट दुसरीकडे अडकलं तरी पत्रिका सरळ येत राहते. असे थर फुकट मिळत नाहीत हेही लक्षात ठेवावं लागतं. प्रत्येक थराला मेमरी लागते, त्यामुळे "सगळ्याच चित्रांना आधीच वेगळा थर देऊन ठेवू" हा विचार छोट्या फोनवर महागात पडतो. मी तो थर पत्रिका उघडतानाच मागते.

आता प्रश्न उरतो की ट्रान्सफॉर्मला कुठून कुठं न्यायचं ते कोण सांगणार? पॉल लुइस यांनी 'फ्लिप' नावानं मांडलेली पद्धत इथं कामाला येते आणि मला ती फार आवडते, कारण ती उलटीकडून सुरू होते. ओळीतल्या चित्राची जागा आधी मोजायची. मग कुठलीही हालचाल न करता पत्रिका तिच्या शेवटच्या, मोठ्या जागी नेऊन ठेवायची आणि तिथली मापं घ्यायची. दोन्हींतला फरक काढून ट्रान्सफॉर्मनं पत्रिका जुन्या जागी आणि जुन्या आकारात दिसेल अशी ओढून धरायची. हे सगळं पडदा पुढची फ्रेम दाखवायच्या आत. मग धरलेलं सोडून द्यायचं. पत्रिका आपल्या खऱ्या जागेकडे निघते. सगळं मोजमाप बोट टेकल्यानंतरच्या पहिल्या क्षणात उरकतं आणि वाटेत काही मोजावं लागत नाही. माणसाला सुमारे सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद मिळाला तर तो लगेच मिळाल्यासारखा वाटतो, म्हणून त्या मोजमापाला पुरेशी सवड असते.

साडेनऊ

तुळशीची लग्नं झाली की प्रेसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दुपारपर्यंत प्रूफच प्रूफ. मुहूर्त, वार, कार्यालयाचा पत्ता, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" म्हणणाऱ्या बाळगोपाळांची नावं. याबद्दल आज जास्त लिहीत नाही.

दुपारी एक

डबा खाऊन वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. कोरलड्रॉ उघडंच असतं. गेली कित्येक वर्षं मी त्यात कलश, तोरण, गणपती काढते ते बेझिए टूलनं. नोडवर क्लिक केलं की दोन बाजूंना दोन दांड्या निघतात, त्या ओढल्या की रेघ वाकते. सीएसएसमध्ये हालचालीचा वेग ठरवणारा बाक ह्याच जातीचा निघाला तेव्हा मला फार आनंद झाला. रेनोत पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो हे 1960 च्या आसपास मोटारीच्या पत्र्याचे बाक गणितात बसवायच्या मागे होते. तिथून हा बाक फॉन्टमध्ये आला, कोरलड्रॉमध्ये आला आणि क्यूबिक-बेझिए म्हणून ब्राउझरमध्येही आला.

फरक एवढाच की इथं आडव्या अक्षावर वेळ असते आणि उभ्यावर हालचाल किती पुरी झाली ते. सुरुवातीचा आणि शेवटचा नोड जागच्या जागी पक्के असतात. आपण चार आकडे देतो ते दोन दांड्यांच्या टोकांचे. काहीच दिलं नाही तर ब्राउझर 0.25, 0.1, 0.25, 1 धरतो. उघडताना मी 0.2, 0.8, 0.2, 1 ठेवलं आहे. पत्रिका बोटासरशी निघते आणि शेवटी सावकाश थांबते, कारण थांबतानाच वाचायला सुरुवात होते. उभा आकडा 1 च्या वर नेला तर पत्रिका ठरलेल्या मापाच्या पुढं जाऊन मागं येते. खेळण्यांच्या दुकानाला ते शोभेल. श्रीगणेशाच्या चित्राला असा हेलकावा बसलेला मला बघवत नाही, म्हणून तो घातला नाही. उघडायला 300 मिलिसेकंद, मिटायला 200. जाणाऱ्याला फार वेळ अडवू नये.

डिस्ने स्टुडिओतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 मध्ये 'द इल्यूजन ऑफ लाइफ'मध्ये ॲनिमेशनची बारा तत्त्वं लिहून ठेवली. हळू निघणं आणि हळू थांबणं हे त्यातलंच एक. 1993 मध्ये बे-वेई चँग आणि डेव्हिड उंगर यांनी कार्टूनची ही रीत संगणकाच्या पडद्यावर वापरून दाखवली. एखादी वस्तू इथून नाहीशी होऊन तिथं उगवली तर ती तीच आहे हे माणसाला पुन्हा जुळवावं लागतं. ती तिथपर्यंत जाताना दिसली तर हा त्रास वाचतो. अण्णांच्या काउंटरवर मी रोज जे बघते तेच या दोघांनी पडद्यावर करून दाखवलं.

साडेतीन

चहाच्या वेळी अण्णांनी त्यांच्या फोनवर पान उघडून बघितलं. पत्रिका उघडली, मिटवली, पुन्हा उघडली.

"चांगलं झालंय. पण वर ती सरकणारी पट्टी नाही घातलीस गं? सगळ्यांच्यात असती. 'बुकिंग सुरू', 'शंभर कार्डांवर सूट'..."

"अण्णा, ती सारखी सरकत राहिली की खालचा दर कोण वाचणार?"

"तसं न्हवं, जरा उठाव येतो."

हिशेबाच्या टेबलावरून काकू म्हणाल्या, "मला ते सरकणारं बघवत नाही बाई. गरगरतंय." काकूंना चक्कर यायचा त्रास आहे, मान वर केली तरी सगळं फिरतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग दुखावला की पडद्यावरची मोठी हालचालसुद्धा माणसाला मळमळवते. 2013 मध्ये आयफोनच्या सातव्या आयओएसमध्ये ॲप उघडताना-मिटताना पडदा झूम व्हायला लागला, तेव्हा अनेकांना हाच त्रास झाला होता. आज ॲण्ड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत हालचाल कमी करायची सोय आहे. ती चालू असेल तर सीएसएसला 'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन' या अटीतून ते कळतं.

काकूंच्या फोनच्या सेटिंगमध्ये सुलभता विभागात जाऊन ती सोय चालू करून दिली आणि पान पुन्हा उघडलं. आता पत्रिका झेप घेऊन येत नाही, जागच्या जागी हलकेच उमटते. काकूंनी सावकाश पाच-सहा पत्रिका बघितल्या. मग मी अण्णांना सांगितलं की आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवायची सोय बघणाऱ्याच्या हाती असली पाहिजे, असं वेबच्या सुलभतेच्या नियमांतच लिहिलेलं आहे. सूट एका ओळीत, ठळक अक्षरात, स्थिर ठेवायची असं ठरलं. "मग रंग तरी केशरी घाल," अण्णा म्हणाले. घातला.

संध्याकाळी साडेसहा

प्रेसमधली गर्दी थोडी ओसरल्यावर पानाच्या मथळ्याकडे वळले. इंग्रजीत शिकवणारे लोक मथळ्याचं एकेक अक्षर खालून वर आणून दाखवतात. तीच कृती 'शुभविवाह'वर केली. जावास्क्रिप्टनं शब्दाचे तुकडे केले आठ: श, उकार, भ, व, वेलांटी, व, काना, ह. प्रत्येक तुकडा वेगळ्या डब्यात घातल्यावर उकार एकटा पडला आणि त्याच्या डोक्यावर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ आलं. वेलांटीचंही तेच. वाचता येण्याजोगी अक्षरं पाच आहेत: शु, भ, वि, वा, ह. तशी फोड हवी तर ब्राउझरमधलं इंटल-सेगमेंटर वापरावं लागतं. त्यानं पाचच तुकडे दिले. जोडाक्षरांना मात्र अजून जपावं लागतं. 'श्री' एकसंध ठेवायचा नियम युनिकोडमध्ये 2023 च्या 15.1 आवृत्तीत आला, त्यामुळे जुना ब्राउझर त्याचे श् आणि री असे दोन तुकडे करतो.

पाच तुकडे बरोबर मिळाले तरी एक गोष्ट खटकतच राहिली. प्रत्येक अक्षर शिरोरेघेचा आपापला तुकडा डोक्यावर घेऊन वर येतं आणि सगळी पोचेपर्यंत रेघ मोडलेली राहते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तरी रेघ अशीच तुटते. देवनागरीचा शब्द रेघेनं बांधलेला आहे, त्याला हलवायचं तर अख्खा हलवावा. मी अक्षरांची फोड काढून टाकली. 'श्री गणेशाय नमः' आता तीन शब्दांत येतं, एकामागून एक, प्रत्येक शब्द सबंध.

मजकुराचंही काम होतंच. आमच्या जुन्या पत्रिका श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. तो मजकूर उचलून ब्राउझरमध्ये टाकला की काही वाचता येत नाही, आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. आणल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांत तेल घालून तपासावी लागते, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती दिसेल त्या क्रमानं टाइप केलेली असतात. आज दोन नमुने झाले.

रात्री नऊ

मामाची मुलगी पुण्यात हेच काम नोकरी म्हणून करते. जेवणं झाल्यावर तिला लिंक पाठवली आणि फोन लावला.

"ताई, बघितलंस?"

"बघतीये. उघडताना छान येतंय. व्ह्यू ट्रान्झिशन का नाही वापरलंस? क्रोममध्ये 2023 पासून आहे, सफारीतही आलंय. निम्मं काम ब्राउझरच करेल."

"वापरीन. आधी हातानं करून बघायचं होतं. आत काय चालतं ते कळल्याशिवाय मला धीर येत नाही."

"बरं केलंस. आता ऐक. मी खूप खाली गेले, एक पत्रिका उघडली, फोन आडवा केला आणि मिटवली. पत्रिका भलतीकडेच गेली बघ."

उघडताना घेतलेलं माप मिटवताना वापरलं की असं होतं, कारण फोन आडवा झाल्यावर ओळी बदलतात आणि चित्राची जागाही बदलते. ताईचं म्हणणं सरळ होतं की मिटवताना ओळीतल्या चित्राची जागा नव्यानं विचारायची. चित्र पडद्याबाहेर गेलं असेल तर आधी ते दिसेल एवढं पान सरकवायचं आणि मग पत्रिका तिथं न्यायची.

"आणि बॅकचं बटण?" तिनं विचारलं. पत्रिका उघडी असताना लोक फुलीकडे बघत नाहीत, फोनचं बॅकच दाबतात. आत्ता ते दाबलं तर सबंध साइट बंद होते. पत्रिका उघडतानाच ब्राउझरच्या इतिहासात एक नोंद टाकायची, म्हणजे बॅक दाबल्यावर आधी ती नोंद निघेल आणि पत्रिका मिटेल. हे तिनं फोनवरच समजावलं, मी वहीत उतरून घेतलं.

साडेदहा

मिटवतानाचं माप नव्यानं घेणारं फंक्शन लिहून झालं. फोन उभा-आडवा करून, वर-खाली जाऊन पाहिलं. पत्रिका आपल्या चित्राशीच परत जाते. पाणी पाचला येईल, बॅकचं काम पहाटे धरीन. त्या आधी अण्णांच्या फोनवर इतिहासातली नोंद नीट पडते का ते बघायला हवं, कारण त्यांचा ब्राउझर जुना आहे आणि गिऱ्हाइकांना नमुने ते त्याच फोनवर दाखवणार आहेत.