पल्लीचे बोलिव्हियातले नातेवाईक

आमच्या बरकतपुऱ्यात इडलीबरोबर चटणी येते ती पल्लीची. मिर्ची का सालनमध्ये पल्ली, आणि मराठी घर असेल तर कूट होऊन निम्म्या भाज्यांत पुन्हा पल्लीच. उपवासाच्या खिचडीतही तीच. गंमत म्हणजे त्या खिचडीतला साबुदाण्याचा कंद, बटाटा, मिरची आणि दाणे, सगळे मुळात अमेरिका खंडातले!

शेंगदाण्याचे मूळ गाव दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या आसपास. काही हजार वर्षांपूर्वी तिथे २०-२० गुणसूत्रांच्या दोन रानटी जातींचा संकर झाला, गुणसूत्रे दुप्पट झाली आणि ४० गुणसूत्रांचा भुईमूग जन्माला आला. मात्र त्यानंतर २० वाल्या नातेवाइकांशी त्याचे सहज जमेना. जगभरचा भुईमूग असा एका छोट्या कुटुंबातला आहे, म्हणून रोग आला की बहुतेक वाण त्याला सारखेच बळी पडतात.

रोग मुख्यतः दोन. टिक्क्याने पानांवर काळे ठिपके पडतात. तांबेऱ्याने पानाच्या पाठीवर विटकरी पूड जमते. पाने गळाली की आऱ्या सुटूनही शेंगा पोचट राहतात. दोन्ही रोग एकत्र आले तर निम्मे पीक जाऊ शकते, आणि पालाही गुरांच्या कामाचा उरत नाही. बुरशीनाशक फवारता येते, पण कोरडवाहू शेतकऱ्याला तो खर्च कुठून परवडणार?

रानटी जातींपैकी अनेकींना हे रोग फारसे शिवत नाहीत. त्यांतली एक बोलिव्हियातली अ‍ॅराकिस कार्डेनासी. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात तिचा भुईमुगाशी संकर केला गेला. ४० आणि २० चे अपत्य ३० गुणसूत्रांचे, म्हणजे वांझ. कोल्चिसिन वापरून ते ६० चे केले, मग पिढ्यान्पिढ्या वाढवताना काही रोपे पुन्हा ४० वर आली. इतका खटाटोप करून हाती काय येते? रोगाशी लढणारा एक तुकडा, आणि त्याच्याबरोबर बारीक शेंगा, उशिरा पिकणे असले नको ते गुणही. ते झटकायला आणखी वर्षे जातात.

अशा संकरातून आलेले साहित्य पुढे मुंबई रस्त्यावरच्या पटनचेरूला, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅटमध्ये वापरले गेले. कार्डेनासीच्या वंशातली एक ओळ धारवाडच्या कृषी विद्यापीठाने घेतली आणि तांबेरा व टिक्क्याला तोंड देणारा जीपीबीडी-४ हा वाण तयार केला. मग इक्रिसॅटने त्यातला तांबेऱ्याविरुद्धचा तुकडा डीएनएच्या खुणा पाहत तीन लोकप्रिय वाणांत उतरवला. त्यांतले दोन आपल्या ओळखीचे: जळगावचा जेएल-२४ आणि टीएजी-२४, म्हणजे ट्रॉम्बे आणि अकोला यांनी मिळून काढलेला. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. खुणांमुळे प्रत्येक पिढीत रोग येण्याची वाट पाहावी लागली नाही. कोवळ्या रोपाच्या पानावरूनच कळत होते की तुकडा आला की नाही.

मला यातला अवघड भाग प्रयोगशाळेबाहेरचा वाटतो. २०२१ च्या एका अभ्यासानुसार त्या एका कार्डेनासीचे वंशज आज ३० देशांत आहेत. हे घडले कारण तेव्हा बी एका देशातून दुसऱ्या देशात जवळजवळ विचारल्याशिवाय जात असे. १९९३ पासून जैवविविधता करार लागू झाला आणि वनस्पतींवर त्या-त्या देशाचा हक्क मान्य झाला. बोलिव्हियाने विचारले की ‘आम्हाला काय मिळाले?’ तर तो प्रश्न रास्तच आहे. दुसरीकडे, पिकांच्या बियाण्यांची देवाणघेवाण सोपी करणारा वेगळा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत गहू, भात, ज्वारी, तूर आहेत, भुईमूग नाही. त्यामुळे नवी रानटी जात सापडली तरी ती पटनचेरूपर्यंत पोचणे सोपे नाही. तिथल्या जनुकपेढीत भुईमुगाचे १५ हजारांहून अधिक नमुने आहेत, त्यांत रानटी जातींचे केवळ काहीशे. सध्या तरी नव्या रोगाचे उत्तर पहिल्यांदा त्यांच्यातच शोधावे लागते.