हाड बघायचं, तेही आवाजाने!

सायकलवरून पडताना आपण आधी काय पुढे करतो? हात! सगळा भार तळव्यावर येतो आणि मनगटाच्या जरा वर जोरात कळ येते. तिथे शेजारी शेजारी दोन हाडं असतात. अंगठ्याकडचं रेडियस, करंगळीकडचं अल्ना.

मोठ्यांचं हाड वाळक्या काटकीसारखं कटकन मोडतं. तुमचं मात्र ओल्या फांदीसारखं. एका बाजूने चिरतं, दुसऱ्या बाजूने नुसतं वाकतं. कधी तर ओल्या मातीची नळी दोन्ही टोकांनी दाबल्यावर फुगते ना, तसं दबून फुगतं. मग बाहेरून कळणार कसं?

एक उपाय एक्स-रे. जर्मनीत विल्हेल्म राँटजेन यांना हे किरण १८९५ साली सापडले. त्याच वर्षी त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, तर त्यात बोटांची हाडं दिसली आणि अंगठीसुद्धा! पण दुखऱ्या हाताचे एक्स-रे दोन का काढतात बरं? घरातला एक चमचा घ्या. समोरून बघा, दांडा अगदी सरळ. आता बाजूने बघा. केवढा बाक! हाडाचंही असंच असतं.

दुसरा उपाय सोनोग्राफी. हातावर गारेगार जेल लावतात आणि यंत्रातून आवाज सोडतात. तो इतक्या वरच्या पट्टीतला, की आपल्याला ऐकूच येत नाही. कातडी आणि स्नायू ओलांडून तो हाडावर आपटतो आणि मागे फिरतो. त्या प्रतिध्वनीतून पडद्यावर हाडाची पांढरी रेघ उमटते. रेघेत मध्येच पायरी किंवा खळगा दिसला, की समजायचं, इथेच मोडलंय!

ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ५ ते १५ वर्षांच्या २७० मुलांचे दुखरे हात तपासले. उघड वाकडा झालेला हात कुणाचाच नव्हता. काहींची आधी सोनोग्राफी केली, काहींचा एक्स-रे काढला. २०२३ मध्ये निकाल छापून आला: चार आठवड्यांनी दोन्ही गटांतल्या मुलांचे हात सारखेच छान चालत होते!

हात वाकडा दिसला किंवा सोनोग्राफीत मोठी मोडतोड आढळली, तर मात्र एक्स-रे हवाच. त्यात किरण अगदी थोडे लागतात, तेव्हा घाबरू नका. पण किरणांशिवाय काम होत असेल तर ते तसंच करावं, हे उत्तम.

डॉक्टर म्हणतील, "कुठे दुखतंय, एका बोटाने दाखव." तेव्हा नेमकी जागा दाखवा हं. यंत्र कुठे टेकवायचं, हे तुमचं बोटच सांगणार आहे!